महेंद्रच्या नावाने

फेब्रुवारीत आभाळ फुटलं की श्रीगोंद्यात त्याचं कौतुक कोणी करत नाही. ऊस तोडीला आलेला असतो, गाड्या शेतातच रुततात, आणि माणसं त्या पावसाकडे न बोलावता आलेल्या पाहुण्याकडे पाहावं तशी पाहतात. दीपा एसटीतून उतरली ती नेमकी अशा पावसात. स्टँडसमोरच्या बंद दुकानाच्या पत्र्याखाली ती धावत शिरली आणि तिथे आधीच उभ्या असलेल्या माणसाच्या पिशवीवर आदळली. दोन लिंबं पायरीवरून घरंगळत चिखलात गेली.

"राहू द्या," तो म्हणाला. "पावसाला आवडलेली दिसतात."

"मी भरून देते."

"काय? लिंबं की पाऊस?"

तिला हसू आलं आणि आल्याआल्या त्याची लाज वाटली. हसण्याच्या कामासाठी ती आली नव्हती. पदराने चेहरा टिपत तिने विचारलं, "इथे महेंद्र ओहोळ यांचा कॉम्प्युटर क्लास कुठे आहे?"

तो क्षणभर पावसाकडे पाहत राहिला. "क्लास मागच्या गल्लीत आहे. महेंद्र ओहोळचं मात्र सांगता येत नाही. माणूस जागेवर असतो, पण... चालू नसतो. काय काम होतं?"

"काही सांगायचं आहे."

"वाईट?"

"हो."

"मग पाऊस थांबेपर्यंत नका सांगू. वाईट गोष्ट भिजली की जड होते."

दीपाने वळून त्याच्याकडे पाहिलं. उंच, खांद्यात किंचित वाकलेला, दाढी वाढलेली. चेहरा अनोळखी होता; पण त्या वाक्याला एक लय होती, आणि ती लय तिला पाठ होती.

"तुम्हीच... श्रीगोंदा?"

"आणि तुम्ही नगर." तो आता हसला—ओठांनी नव्हे, केवळ डोळ्यांच्या कडांनी. "तुमचा आवाज मला जरा उंच वाटला होता."

"माझा आवाज तुम्ही कुठे ऐकलात?"

"ऐकला नाही. वाचलाय."

ती दोघं एकमेकांना तालुक्याच्या नावाने ओळखत, कारण 'फळ्या'वर तशी पद्धत होती. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या भाऊसाहेबांनी नगरमध्ये, आपल्या घराच्या पुढच्या खोलीत, एक संगणक फोनच्या तारेला जोडला होता. जिल्ह्यात ज्याच्यापाशी संगणक असेल त्याने तो नंबर लावायचा. दोन यंत्रं एकमेकांना शीळ घालायची आणि पडद्यावर फळा उमटायचा. कोणाला कोणतं रक्त हवं आहे, कोण देऊ शकेल, हे त्यावर इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत लिहिलेलं असे. लाइन एकच. एक जण आत असला की इतरांनी बाहेर ताटकळायचं. त्यामुळे दीपा आणि महेंद्र दोन वर्षं जणू एकाच घरात राहिले, परंतु एकाच वेळी कधीच नाही. तो निघून गेल्यावर ती येई आणि नुकत्याच रिकाम्या झालेल्या, अजून ऊब असलेल्या खुर्चीत बसावं तशी त्याच्या शब्दांत बसे. एकदा त्याने मागणीखाली लिहिलं होतं: 'बी निगेटिव्ह मिळालं. देणारा लाजाळू आहे, आभार मानू नका.' एम.ए.ला तिने पुष्कळ कविता वाचल्या होत्या. त्यांतली एकही तिला इतक्या वेळा वाचावीशी वाटली नव्हती.

प्रत्येक तालुक्याला एक स्वयंसेवक, आणि त्याला खास हक्क. दात्यांच्या मागे दलाल लागत, म्हणून त्यांचे फोन नंबर केवळ त्यालाच दिसत. तालुक्यातली मागणीही आधी त्याच्याच पेटीत पडे. तालुक्याला हक्कधारक नसला, तर ती आपोआप सगळ्यांसमोर उघडी होई. जो तीन महिने फिरकणार नाही त्याला सांगून त्याचा हक्क काढायचा, हे काम दीपाकडे होतं. "हक्क म्हणजे सत्काराची शाल नव्हे," भाऊसाहेब म्हणत, "घडी घालून कपाटात ठेवायला." तिने कर्जतचा हक्क काढला, आणखी एका तालुक्याचा काढला. दोघांना फोन करून गोड बोलून काढला.

श्रीगोंद्याचा काढला नाही.

गेल्या पावसाळ्यात महेंद्रची धाकटी बहीण मोनिका बाळंतपणात गेली. तिच्यासाठी त्याने स्वतःच फळ्यावर मागणी टाकली होती. त्याचा शेवटचा निरोप दीपाला अजून दिसे: 'रक्त पोचलं. मोनिका थांबली नाही.' त्यानंतर तो आला नाही. त्याच्या घरचा फोन वाजत राही. कोणी उचलत नसे. मुदत भरत आली तेव्हा दीपाला आठवलं, की कधीतरी तार तुटली असताना त्याने आपला परवलीचा शब्द तिला पत्राने कळवून ठेवला होता—'मी नसलो तर माझ्या नावाने बघत जा.' ती त्याच्या नावाने आत गेली. कशालाही हात न लावता बाहेर आली. फळ्याच्या लेखी महेंद्र चालू राहिला. पुढे ती तसं वरचेवर करू लागली. परतणाऱ्यासाठी दार उघडं हवं, असं ती स्वतःला समजावी. खरं तर त्या नावाशेजारची चालूपणाची खूण तिला स्वतःसाठीच हवी होती.

मग जानेवारीत उसाची ट्रॉली कलंडली आणि भीमा नावाच्या तोडकऱ्याचा पाय तिच्याखाली सापडला. श्रीगोंद्यातल्या डॉक्टरांनी सकाळीच मागणी टाकली आणि ते फळ्यावर विसंबून राहिले. मागणी महेंद्रच्या पेटीत जाऊन पडली. दुसऱ्या कोणाला ती दिसली नाही. दुपारी दीपा, नेहमीसारखी, त्याला जिवंत ठेवायला आत गेली—आणि मागणी तिथे पडलेली होती. तिने भराभर दात्यांना फोन लावले. संध्याकाळी रक्त पोचलं. पाय गुडघ्याच्या वरून गेला. "सकाळी मिळालं असतं तर कदाचित..." डॉक्टर एवढंच म्हणाले. त्या 'कदाचित'सोबत ती कशीबशी काही दिवस राहिली. मग तिने भाऊसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "श्रीगोंद्याचा हक्क काढ. त्याला तोंडावर सांगून काढ. मग तुझाही काढ."

क्लासमधल्या यंत्रांवर चादरी पांघरलेल्या होत्या. महेंद्रने उरलेल्या लिंबाचं सरबत केलं, एक ग्लास तिच्यासमोर सरकवला, आणि दुसरा घेऊन स्वतः खिडकीला टेकून उभा राहिला.

"पाऊस थांबला," तो म्हणाला. "सांगा."

तिने सांगितलं. न थांबता, न सजवता, सगळं. त्याच्या हातातला चमचा ग्लासात फिरत होता. भीमाचं नाव आलं तेव्हा तो थांबला.

"दीपा..." त्याने पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं, आणि त्या नावात उबेचा लवलेश नव्हता. "माझ्या नावावर पुन्हा कोणी वाट पाहत पडू नये, एवढ्यासाठीच मी फळा सोडला. तुम्ही मला तिथेच उभं केलंत. सदरा माझा, आत पेंढा. शेतात बुजगावणं उभं करतात तसं."

"हो."

"नुसतं हो?"

"माफी मागितली तर ती द्यायचं ओझं तुमच्यावर येईल. म्हणून मागत नाही."

"मग निदान प्रेम होतं असं तरी म्हणा." त्याचा स्वर टोचरा होता. "एवढ्या मोठ्या चुकीला काहीतरी कारण लागतं."

दीपाने ग्लास खाली ठेवला. "होतं. आहे. पण ते कारण म्हणून सांगायचं नव्हतं मला... कधीतरी, चांगल्या दिवशी, नुसतंच सांगायचं होतं."

बाहेर पत्र्यावरून थेंब निथळत होते. महेंद्रने एका यंत्रावरची चादर ओढली, मॉडेमची वायर लावली, नंबर फिरवला. शीळ उठली—कर्कश, घसा बसलेली. ती संपेपर्यंत दोघं खाली मान घालून ऐकत राहिली. फळा उमटला. दीपा आपल्या नावाने आत शिरली. श्रीगोंद्याचा हक्क काढायचा का, असं पडद्याने विचारलं, आणि तिचं बोट कळीवर तरंगत राहिलं.

"मी दाबू का?" त्याने विचारलं.

"तुम्हाला तो हक्क नाही."

तो हसणार होता. हसू अर्ध्यात वळलं आणि त्याने तोंड खिडकीकडे केलं. तेवढ्यात तिने कळ दाबली. नाव राहिलं, शेजारची खूण गेली. मग तिने नगरची खूणही पुसली.

"आता?" तो खिडकीतूनच म्हणाला.

"आता श्रीगोंद्यात कोणाला रक्त लागलं, तर जिल्ह्याला दिसेल."

"आणि आपण?"

"आपण तिथे आता कोणी नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. खिडकीकडून वळून त्याने विचारलं, "भीमा कुठे आहेत?"

"नगरला हलवलंय."

"त्यांना हे सांगितलंत?"

तिने मान हलवली—नाही.

"मग चला. पुढची एसटी मिळेल."

"तुम्ही कशाला? चूक माझी आहे."

"नाव माझं होतं," महेंद्र म्हणाला आणि चपला पायात सरकवू लागला.

एसटीत दोघं शेजारी बसली. काचेपलीकडे तोडलेल्या उसाचे ओले बुडखे मागे पळत होते. दोघांच्या मध्ये तिची पिशवी होती. ती कोणी उचलली नाही.

दवाखान्यात भीमा खाटेवर पडून होता. चादर एका बाजूला सपाट होती, आणि तिकडे पाहायचं नाही असं ठरवूनही डोळे तिकडेच जात. उशाशी त्याची बायको बायडाबाई बसली होती, हातावर उसाच्या पात्यांचे जुने ओरखडे घेऊन. महेंद्र बोलायला लागला. दीपाने त्याला मध्येच थांबवलं आणि उरलेलं स्वतः सांगितलं. बायडाबाईने सगळं ऐकून घेतलं.

"मंजी रगताची बाटली यायची ती तुमच्यापाशी अडकून पडली?"

"हो."

"आन् ह्ये सांगाया आला. सांगून पाय उगवनार हाय व्हय?"

"नाही."

"उसात नवरा-बायकुला मिळून एक कोयता म्हनत्यात, बाई. मुकादम दोघास्नी एकच धरतो. त्यो तोडायचा, मी मोळ्या बांधायची. आता आर्ध्या कोयत्याला कोन काम देतंय, त्ये सांगा."

दीपाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तिने ते पुसलंही नाही.

"गप की गं," भीमा छताकडे पाहत पुटपुटला. "पोरगी रडायली."

"रडू दे. मी न्हाई रडले?" बायडाबाईने नाक ओढलं. मग त्या दोघांवरून नजर फिरवत, जणू बाजारात बैलजोडी पारखावी तशी, तिने विचारलं, "तुमी दोघं कोन एकमेकाची?"

महेंद्रने दीपाकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग होता, मोनिका होती, थकवा होता; आणि त्या सगळ्याच्या तळाशी, पत्र्याखाली उभं असताना डोळ्यांच्या कडांना आलेलं काहीतरी अजून विझलेलं नव्हतं.

"आजच भेटलो," तो म्हणाला. "पण हिला मी... लई दिवसांपासून ओळखतो."

"बरं. मग हुबं काय ऱ्हायलाय? धरा ह्यास्नी दोन्हीकडनं. मोरीपतूर न्यायाचंय. सकाळधरनं मी एकलीच वढतीय."

दोघं दोन बाजूंना वाकली. भीमाने हात त्यांच्या खांद्यांवर टाकले आणि त्याचं सगळं वजन एकदम खाली आलं. तोल जाऊ नये म्हणून दीपाने त्याच्या पाठीमागून हात पुढे केला. तिकडून महेंद्रचा हात आला. त्याने तिचं मनगट धरलं, तिने त्याचं. दोन वर्षांतला तो पहिला स्पर्श होता. पकड घट्ट, घामेजलेली, आणि सोडली असती तर माणूस पडला असता.

"हळू," भीमा म्हणाला. "माज्या चालीनं चला."

दोघं त्याच्या चालीने निघाली.