तिसऱ्या गाण्यानंतर

पियानो जुळवणाऱ्याला शांतता लागते आणि रॉक ऐकणाऱ्याला ती सोसत नाही. दादाला दोन्ही लागायचं. सकाळी तो लोकांच्या घरी जाऊन पियानो सुरात लावून द्यायचा. नादकाटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरायचा आणि केसभर इकडेतिकडे झालेली एकेक तार ताळ्यावर आणायचा. दुपारी घरी आला की खिडक्या बंद करून चौकडीची टेप लावायचा, तीही अशी की खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने कात्री हातात घेऊन थांबावं. पण शिंपी वर येऊन भांडला नाही कधी. पहिली दहा वर्षं त्याने सोसलं आणि मग तोही गुणगुणायला लागला.

चौकडी म्हणजे चौघांचा रॉक बँड. दोघे गिटारवाले, एक बेसवाला आणि ड्रमवर एक दांडगी बाई. बँडला लांबलचक खरं नावही होतं, पण ते फक्त तिकिटावर छापायचे.

दादाची धाकटी बहीण चिमी त्याच्याच घरात राहायची. ती एका दंतशाळेत कवळ्या बनवायची, दिवसभर हात मेणात आणि प्लास्टरात. "मी परक्यांचं हसू घडवते," असं ती नव्या माणसाला सांगायची आणि त्याचा चेहरा बघत राहायची. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. कोणी विषय काढलाच तर चिमी म्हणे, "झालंय की. चौकडीशी. दोघांचं मिळून एकच."

भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर कॅसेटी. दुकानात मिळणारे पाच अल्बम काय, कुणाकडेही असतात. खरा ऐवज होता तो कॉन्सर्टच्या टेपांचा. कोटाच्या आतल्या खिशात रेकॉर्डर लपवून चाहत्यांनीच त्या भरायच्या आणि पोस्टाने एकमेकांना पाठवायच्या. चौकडीने बावीस वर्षांत एकशे एकतीस कॉन्सर्ट केले. त्यांतले एकशे चार या भिंतीवर होते, तारखेनुसार, चिमीच्या किरट्या अक्षरात.

मग चौघांचं बिनसलं आणि बँड मोडला. त्याला अकरा वर्षं झाली.

एका सकाळी चिमी दात घासता घासता वर्तमानपत्र घेऊन बाहेर आली. तोंडात फेस असल्यामुळे तिला बोलता येईना. तिने बातमीवर नुसतं बोट ठेवलं. चौकडी परत एकत्र येणार होती. एकच कॉन्सर्ट, दुपारी चार वाजता, शहराबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर. साडेतीन महिन्यांनी.

दादाने दिवस मोजले. एकशे पाच भरले.

"रोज एक टेप," तो म्हणाला. "पहिल्यापासून. क्रमाने."

चिमीने चूळ भरली. "आणि एकशे पाचव्या दिवशी आपण स्वतः."

असं ते सुरू झालं. इतकं सुख दोघांना कित्येक वर्षांत लाभलं नव्हतं. चिमी कामावरून धावत यायची आणि चहाचे कप घेऊन दोघं कानांवर हेडफोन चढवायची. ही ऐक, इथे बेसवाला चुकतो. ही ऐक, इथे वीज गेली तरी बाई ड्रम वाजवतच राहिली. रोज नवा शोध लागायचा. पियानोचं काम करताना दादाचा पाय आपोआप ठेका धरायला लागला आणि गिऱ्हाइकं त्याच्याकडे बघायला लागली.

नवव्या दिवशी चिमीने टेप थांबवली.

"दादा, ही बाई कालही होती."

"कुठली बाई?"

तिने टेप मागे घेतली. चौकडीचा एक शिरस्ता होता. तिसरं गाणं संपलं की थोरला गिटारवाला गिटार बदलायचा. टाळ्या विरायच्या आणि दहाबारा सेकंद सगळं शांत व्हायचं. त्या शांततेत, लांबून, बहुधा मागच्या दारापाशी उभं राहून कोणीतरी बाई म्हणाली, "अजून एक."

ओरडून नाही. पंगतीत आपण वाढणाऱ्याला सांगतो तसं.

दादाने आदल्या दिवशीची टेप लावली. तीच बाई, तेच दोन शब्द. त्याच्या आदल्या दिवशीच्या टेपेतही ती होती. गावं वेगळी, सभागृहं वेगळी, टेप भरणारे वेगळे.

"आपल्यापेक्षा वेडी," चिमी म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "प्रत्येक गावी गेलीय ती. प्रत्येक, दादा. आपण मिळून एकवीसच कॉन्सर्ट पाहिलेत."

दादाला, खरं सांगायचं तर, थोडी असूयाच वाटली. पण त्याहून उत्साह मोठा. आता रोजची टेप म्हणजे दुहेरी आनंद झाला. तिसरं गाणं जवळ आलं की दोघं खुर्चीच्या कडेला सरकायची. आणि ती यायचीच, एकदाही चुकली नाही. तिने एकदा तरी शिंकावं, गर्दीत अडकून उशिरा यावं, आजारी पडावं, असं चिमीला वाटायचं. "माणूस आहे की घड्याळ?" ती हसून म्हणायची.

चाळिसाव्या टेपेच्या सुमारास दादाने नादकाटा काढला. त्याच्या कानाला काहीतरी खटकत होतं. त्याने काटा वाजवला, पहिल्या टेपेतला आवाज ऐकला आणि मग चाळिसाव्यातला. मग पुढच्या काही टेपांतला, आणि शेवटी एकशेचाराव्यातला. क्रम मोडला म्हणून चिमी रुसली.

"बावीस वर्षांत माणसाचा आवाज उतरतो," तो म्हणाला. "लाकूड सुकतं, तार सैल पडते, तसा गळाही. हिचा केसभर हललेला नाही. काट्याच्या किंचित खाली, सगळीकडे."

"काहींचा टिकतो आवाज."

"आणि दुसरं. ती जवळ येतेय."

ते मात्र चिमीलाही नाकारता येईना. आवाज किती घुमतो यावरून दादा अंतर सांगू शकायचा. ते त्याच्या रोजच्या कामातलंच. पहिल्या वर्षी ती सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला होती. पाचव्या वर्षी अर्ध्या वाटेवर. पंधराव्या वर्षी चार हातांवर. टेप कोणीही भरलेली असो, कोणत्याही कोपऱ्यातून, बाई त्या त्या रेकॉर्डरच्या तेवढीच जवळ आलेली. शेवटच्या टेपेत तर शब्दांच्या आधी तिने घेतलेला श्वासही ऐकू येत होता. चिमीने हेडफोन काढून कान चोळला आणि ती खुदकन हसली.

"गुदगुल्या झाल्या," ती म्हणाली.

दादा हसला नाही. तो टपालकाकांकडे गेला. काका निवृत्त पोस्टमन, आणि भिंतीवरच्या निम्म्या टेपा त्यांनीच भरलेल्या. त्यांनी दादाचं सगळं ऐकून घेतलं, स्वतःची एक टेप लावून पाहिली आणि तोंडातली सुपारी चघळायचे थांबले.

"बावीस वर्षांत मला कसं ऐकू आलं नाही हे?"

"आम्हालाही नाही आलं, काका."

"ही तर मी भिंतीला पाठ लावून भरलेली. उजवीकडे खांब, डावीकडे माझी बायको. आणि हा बायकोचा आवाज नाही, तिला रॉकचा तिटकारा. कानात कापूस घालून बसली होती." त्यांनी दुसरी कॅसेट काढली आणि ती नुसतीच हातात धरून ठेवली. "हिच्यात आहे ती?"

"आहे. खूप जवळ."

"ही मी माईकने भरलेलीच नाही, बाबा. आवाज सांभाळणारा माणूस ओळखीचा होता. त्याच्या यंत्रातून थेट वायर घेतली होती. हिच्यावर यायचं म्हणजे बाईने स्टेजवरच्या गाण्याच्या माईकला ओठ लावून बोलायला हवं." ते दादाकडे बघत राहिले. "आणि तेव्हा एकाही माईकपाशी कोणी नव्हतं. मी बघत होतो."

दादाने घरी येऊन चिमीला हे सांगितलं. ती घाबरेल असं त्याला वाटलं होतं. ती उलट उठून खोलीभर येरझारा घालायला लागली.

"म्हणजे तिला कॉन्सर्टला जावंच लागत नाही," ती म्हणाली. "ती असतेच तिथे. दादा, ती येईल रे. धावपट्टीवर. मला तिला एकदा बघायचंय."

"बघून काय करणार?"

"काय म्हणजे? चाहती चाहतीला भेटते तेव्हा काय करतात? बोलेन."

कॉन्सर्टच्या दिवशी कडक ऊन होतं. धावपट्टीच्या काँक्रीटमधून वाफा निघत होत्या. पंचवीस-तीस हजार माणसं जमली होती, निम्म्यांचे केस पिकलेले. अंगात जुने, आखूड झालेले काळे टी-शर्ट. टपालकाका पार पलीकडच्या कुंपणाजवळ आपला रेकॉर्डर घेऊन उभे राहणार होते. चिमी आणि दादा अलीकडच्या टोकाला, दोघांच्या मध्ये हातभर मोकळी जागा राहील असे. रेकॉर्डर चिमीच्या गळ्यात. लपवायची गरजच नव्हती आता. अर्ध्या मैदानाचे हात काही ना काही यंत्र उंच धरून होते.

बरोबर चारला ड्रमवरचा पहिला ठोका पडला आणि दादाच्या छातीत अकरा वर्षं अडकलेलं काहीतरी सुटलं. चौघं म्हातारी झाली होती आणि काहीही बिघडलं नव्हतं. चिमी उड्या मारत होती, सेहेचाळीस वर्षांची बाई. प्रत्येक ओळ ती घसा फाडून गात होती. दादाही गात होता, बेसूर. सुरांचा माणूस स्वतः गायला लागला की असाच गातो. परके लोक गळ्यात गळे घालत होते. पुढचा एक टकला माणूस रडत होता आणि रडता रडता टाळ्या वाजवत होता.

दुसरं गाणं झालं. तिसरं सुरू झालं. चिमीने दादाचा हात पकडला.

तिसरं संपलं.

टाळ्या विरल्या. थोरल्याने गिटार उतरवली.

दादाने डोळे मिटले, बारीक ऐकताना तो मिटायचा तसे. वाऱ्याचा आवाज. कुठेतरी लहान मूल. कोणाच्या तरी चपलेखाली खडी.

मग अगदी कानाशी एक श्वास.

"अजून एक."

त्याने डोळे उघडले. डाव्या बाजूला, त्याच्या आणि चिमीच्या मध्ये जी हातभर जागा होती, तिथे कोणी नव्हतं. चिमी त्या जागेकडे तोंड करून उभी होती. स्टेशनवर ओळखीचं माणूस उतरताना दिसावं तसा तिचा चेहरा फुलला होता. तिचे ओठ हलले. पुढच्याच क्षणी चौथं गाणं कोसळलं आणि तिचा शब्द त्यात बुडाला.

परतताना गाडीत तिचं हसू जात नव्हतं.

"तू तिला काय म्हणालीस?" दादाने विचारलं.

"उत्तर दिलं."

"कशाचं उत्तर? तिने काही विचारलंच नाही."

"तू नीट ऐकलं नाहीस," चिमी म्हणाली. "एवढा कान तुझा, आणि इतके दिवस आपण चुकीचं ऐकत होतो. ती सांगत नाही, दादा. ती विचारते. अजून एक? असं. मी हो म्हटलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चिमीच्या रेकॉर्डरवरचा कॉन्सर्ट लावला. आवाज झकास आला होता. पुढच्या टकल्याचं रडणं आलं होतं. दादाचं बेसूर गाणं आलं होतं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, त्याला लाज वाटेल इतकं स्पष्ट. बाई नव्हती. तिसऱ्या गाण्यानंतर वारा, मूल, खडी आणि बस्स.

"चिमी, तू कुठे आहेस?"

"अं?"

"तू गात होतीस. रेकॉर्डर तुझ्याच गळ्यात होता."

दोघांनी पुन्हा ऐकलं. दीड तासात चिमीचा एक हुंकारही नव्हता.

"माईकचं तोंड तुझ्याकडे असेल," ती म्हणाली आणि कप उचलून धुवायला गेली. जाताना ती गुणगुणत होती. दादाला ते नीट ऐकू आलं आणि त्याला हायसं वाटलं.

चौथ्या दिवशी टपालकाकांची टेप आली. चिमी कामावर गेली होती. तिची वाट बघायची असं दादाने ठरवलं, आणि मग दारसुद्धा न लावता त्याने ती यंत्रात घातली. थेट तिसऱ्या गाण्याच्या शेवटापर्यंत पुढे नेली.

काका पार पलीकडच्या टोकाला होते, धावपट्टीच्या दुसऱ्या अंगाला. त्यांच्या खोकण्याचा आवाज आला. टाळ्या विरल्या. श्वास आला.

"अजून एक," बाई म्हणाली.

आणि लांबून, कुंपणाच्याही मागून कुठून तरी, दुसऱ्या बाईने तेच म्हटलं.

दादाला नादकाटा लागला नाही. चिमी पाळण्यात असल्यापासून तो आवाज त्याने ऐकला होता.

त्याने फोन उचलून दंतशाळेचा नंबर फिरवला. दंतशाळेच्या मालकाने फोन घेतला. चिमी आहे का, दादाने विचारलं. आहे की, देतो, मालक म्हणाला आणि त्याने तिला हाक मारली.

पावलं आली. रिसीव्हर उचलल्याचा खरखराट झाला.

"चिमी," दादा म्हणाला. "बोल काहीतरी."

पलीकडे कवळ्या घासायचं यंत्र फिरत होतं. नळ वाहत होता. कोणीतरी प्लास्टरचं भांडं चमच्याने खरवडत होतं.

"चिमी, ऐकू येतंय का तुला? काहीही बोल. नुसतं दादा म्हण."

यंत्र फिरत राहिलं. दादाने रिसीव्हर कानावर इतका दाबला की कान दुखायला लागला. मिनिट गेलं. दुसरं मिनिट गेलं. मग रिसीव्हर पुन्हा खरखरला आणि मालकाचा आवाज आला, अगदी स्वच्छ, हसरा.

"गेल्या त्या कामाला. अहो, असं काय सांगितलंत तुम्ही त्यांना? इतकी वर्षं आहेत आमच्याकडे, पण फोनवर एवढं भरभरून बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं."