लाल डोळ्यांची अंडी

वल्ह्याचा फटका जगनकाकाच्या कपाळावर बसला, तेव्हा निनादला वाटलं वल्हंच मोडलं. वल्हं धड होतं. जगनकाका मात्र गुडघ्यांवर बसला आणि त्याच्या बोटांमधून रक्त पनवेलच्या खाडीकाठच्या चिखलात गळायला लागलं.

"माजे बोये फोडतोस?" महादेव ओरडला. "आज वल्हं होतं. उद्या एक जरी बोया फुटलेला दिसला, तर कोयता घेऊन येन."

"मी नाय फोडले. पन तू ये. माज्या घरात पन कोयता हाय."

निनाद आणि त्याची बहीण सई सुकापूरहून मे महिन्याच्या सुट्टीत वर्गमित्र हितेशकडे खेकडे पकडायला आले होते. महादेव हा हितेशचा बाप, जगनकाका त्याचा शेजारी. खेकडे राहिले बाजूला, हितेशच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"पप्पा बोलले तर करतात," तो म्हणाला. "उद्या कोन तरी मरल."

तिघं वाळत घातलेल्या जाळ्यांपाशी गेले. खाडीत जाळं कुणाचं ते लांबून कळावं म्हणून कोळीवाड्यात प्रत्येक घर जाळ्याला बांधलेले आपले बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणारे गोळे, वेगळे रंगवतं. जगनकाकाचे नारळाएवढे बोये पिवळे. महादेवने यंदा आपले पोपटी रंगवून वर लाल ठिपका दिला होता. दोन्ही जाळी शेजारी शेजारी, पण चिरफाड झाली होती ती फक्त पोपटी बोयांची. संशय जगनकाकावर गेला तो त्यामुळेच.

"मी जगनकाका असते तर माझेही दोन फोडले असते," सई म्हणाली. "संशय नको म्हणून."

"तू मोठी झालीस की पोलिसात जा. नाहीतर चोरांत," निनाद म्हणाला. मग त्याने एक बोया उचलला आणि त्याची थट्टा तिथेच थांबली. सगळे घाव नेमके लाल ठिपक्यावर होते.

"हे मी पाहिलंय. परग्रहाच्या गेममध्ये. हिरवी अंडी, त्यांना लाल डोळे. डोळा फोडला नाही तर आतून राक्षस निघतो आणि आपल्याला फाडतो."

"घाबरला होतास?"

"दहा मिनिटं खेळलो आणि रात्री लाइट लावून झोपलो."

हितेश हळूच म्हणाला, "हातात धरायचा तसला गेम आमच्या भावेशकडं हाय."

भावेश म्हणजे हितेशचा सात वर्षांचा भाऊ. घरी गेमच्या रिकाम्या खोक्यात आजी ठमाबाई जाळं विणायच्या सुया ठेवत होती. सईने खोका उलटा केला. कोपऱ्यात ठळक अठराचा आकडा होता आणि खाली लिहिलं होतं, अतिशय हिंसक, फक्त प्रौढांसाठी.

"आजी, हे कुणीच वाचलं नाही?"

"पोरगा गप बसतो म्हनून महादेवनं आनला," ठमाबाई म्हणाली. "तो गप बसला, मंग आमी पन गप बसलो."

नुसत्या खोक्यावर महादेव विश्वास ठेवणार नव्हता. पुरावा हवा होता. डोक्याला फडकं बांधलेल्या जगनकाकाकडून सईने दोन पिवळे बोये मागून घेतले. हितेशने उरलेला पोपटी रंग फासला, निनादने लाल डोळे काढले आणि बोये पुन्हा जगनच्याच जाळ्यात टांगले. जगनकाका स्वतःचे बोये कशाला फोडेल?

दुसऱ्या दिवशी दुपारी कोळीवाडा जेवून आडवा झाला. तिघं उलट्या होडीमागे दबून बसले. गळ्यात गेम अडकवलेला भावेश आला. हातात मासे कापायचा कोयता होता.

"मर. मर. मर," तो म्हणत होता आणि प्रत्येक शब्दाला घाव घालत होता. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटत होती.

घावांच्या आवाजाने जगनकाका बाहेर आला. "अरे भावेश, हात कापल," म्हणत त्याने पोराला धरलं. भावेश गर्रकन वळला आणि त्याने कोयता फिरवला. जगनच्या दंडातून रक्त उडालं. कोयता पुन्हा वर गेला.

हितेशने होडीवरचं फेकजाळं उचललं आणि बापाने शिकवलं होतं तसं फेकलं. जाळं फुलून भावेशवर पडलं. निनादने झेप घेऊन त्याचं मनगट दाबलं, सईने कोयता ओढून घेतला.

तेवढ्यात गलका ऐकून महादेव स्वतःचा कोयता उपसून धावत आला. जाळ्यात कुणाला पकडलंय ते पाहिलं आणि जागच्या जागी थांबला.

"पप्पा, ही लोकं मला सोडत नाय," भावेश आतून म्हणाला. "अंडी मीच मारली. आता काका ऱ्हायला. तुमी पन त्याला मारनार ना?"

महादेवच्या हातातला कोयता चिखलात पडला. त्याने जगनचा दंड आपल्या गमछ्याने बांधला.

"चुकलो, जगन," तो म्हणाला.

ठमाबाईने तिघांच्या डोक्यांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "अख्ख्या कोलीवाड्यात अक्कल तुमालाच, पोरांनो. आज दोन घरं वाचवलीत." गेम तिने खोक्यात घातला आणि खोका फडताळात टाकून कुलूप लावलं.

हिरवी अंडी उरू नयेत म्हणून संध्याकाळी सगळे मिळून पोपटी बोये पिवळेधमक रंगवत बसले. भावेश रडून रडून शांत झाला होता. तो जगनकाकाजवळ सरकला आणि कपाळावरच्या फडक्याला बोट लावून त्याने विचारलं, "काका, तुजे किती जीव ऱ्हायले?"

"एकच हाय रं," जगनकाका म्हणाला. "पयल्यापासून एकच होता."