दीडच्या भरतीची रेघ

श्रीनिवास लघाट्यांनी उत्तर न दिलेली पत्रे फारशी नव्हती, कारण मुळात त्यांना पत्रेच कमी येत. पण एक होते. सव्वा वर्षापूर्वी रत्नागिरीहून आलेले, निळ्या शाईने लिहिलेले. भरती-ओहोटीच्या जुन्या कोष्टकांच्या पुस्तकात घालून त्यांनी ते कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिले होते. पत्रात एकच प्रश्न होता. त्याचे उत्तर लिहायला ते अकरा वेळा बसले आणि 'आपल्याला नक्की आठवते का?' या शंकेने अकराही वेळा कागद फाडून उठले.

त्या सोमवारी सकाळी भिमाताई चोगल्यांनी नेहमीप्रमाणे त्यांच्या पायरीवर पाटी टेकवली.

"कालवं घ्या भाऊ. कालच्या उधाणाची आहेत."

"ताजी आहेत ना?"

"माझ्या तोंडावर इश्वास नाय तर यंत्राला इचारा!"

कमरेच्या बटव्यातून त्यांनी काडेपेटीएवढे एक यंत्र काढले, एक शिंपला फोडून त्याची कड त्याच्या खाचेत धरली. क्षणभर हिरवा उजेड चमकला आणि काचेवर अक्षरे उमटली : खाडीचे तोंड, स्वच्छ पाणी, वय चौदा महिने.

याला शिंपवाचक म्हणत. हर्णैच्या बाजारात आता त्याच्याशिवाय कुणी शिंपले विकतही नसे आणि घेतही नसे. त्यामागचे तत्त्व साधे होते. कालव भरतीला तोंड उघडते आणि वाढते, ओहोटीला मिटते आणि थांबते. प्रत्येक थांब्याची एक बारीक रेघ शिंपल्यात राहते. झाडाच्या खोडात वर्षाचे एक वलय असते, इथे दिवसाच्या दोन रेघा. दोन रेघांमधल्या थरात त्या भरतीच्या पाण्याची ऊब, खारटपणा, तेलाचा अंश, सगळे साठलेले असते. शिंपवाचक ते उजेडाने वाचून काढतो.

तो शोधला होता भिमाताईंच्या मुलीने, जुईने. लहानपणी आईबरोबर खडकावर कालवे फोडताना ती रेघा मोजत बसायची, आणि काम सोडून बसली म्हणून मार खायची. लघाट्यांनी तिचा प्रत्येक शोधनिबंध दोनदोनदा वाचला होता, शब्दकोश शेजारी ठेवून. बाईने समुद्राला रोजनिशी लिहिताना पकडले आहे, असे त्यांना वाटे. तिला तसे कळवायचे धाडस मात्र कधी झाले नव्हते.

"जुई काय म्हणते?" त्यांनी विचारले.

भिमाताईंनी यंत्र बटव्यात टाकले. एरवी या प्रश्नावर त्या अर्धा तास बोलत.

"हरली ती," त्या म्हणाल्या. "बेस्तरवारी न्यायाधिकरणापुढं सुनावणी. त्याच्या आधी लिहून देणार हाय, माझी मोजणी चुकली म्हणून."

लघाट्यांनी कालवांसाठी आणलेली ताटली पायरीवर ठेवली.

प्रकरण अख्ख्या किनाऱ्याला माहीत होते. हर्णैसमोरच्या समुद्रातला 'गट सतरा' सरकारने तीस वर्षांच्या पट्ट्याने एका तेल कंपनीला दिला होता. पट्टा नऊ वर्षांपूर्वी, एकतीस मार्चला मध्यरात्री संपला. पण कायद्यात एक कलम होते : संपण्याच्या क्षणी विहिरीतून तेल वाहत असेल, तर पट्टा आपोआप वाढतो. विहीर त्याआधी सात महिने बंद होती. कंपनी म्हणे, ती एकतीस तारखेला पुन्हा सुरू झाली. विहिरीवरच्या रोजनाम्यात तशी नोंद आहे. मच्छीमार सोसायटी म्हणे, पट्टा मेला, आता समुद्रातला तो तेलाचा फलाट उखडा आणि आमच्या जाळ्यांना बंद असलेला पाच मैलांचा समुद्र परत द्या.

जुईने दोन वर्षांपूर्वी त्या फलाटाच्या तेलनळावरची कालवे खरवडून आणवली होती. खोल विहिरीतले तेल गरम असते. ते वाहू लागले की नळ तापतो, आणि नळाला चिकटलेल्या कालवाला ती ऊब कळते. खरवडल्या दिवसापासून तिने मागे मोजत नेले, चार हजार नऊशे एकेचाळीस रेघा. ऊब सापडली, पण एकतीस मार्चला नव्हे. मध्यरात्र उलटून गेल्यावर, एक तारखेच्या पहाटे दीडला सुरू झालेली भरती. तिचा अर्धा थर थंड आणि पुढचा अर्धा उबदार.

"कंपनीचा वकील हसला म्हणे तिला," भिमाताई सांगत होत्या. "म्हणाला, बाई, लोकांनी सह्या केलेला रोजनामा खरा धरू, की तुमच्या कालवांचा? आता सरकार ह्या यंत्रावरचा मंजुरीचा शिक्का पण काढून घेणार. पोर रात्रंदिवस त्याच रेघा मोजते. म्हणते, एक भरती कुठंतरी मोजायची राहिली."

"एक भरती," लघाटे पुटपुटले.

रोजनाम्यावर सही त्यांचीच होती. बावीस वर्षे ते त्या फलाटावर भूवैज्ञानिक होते, आणि ती त्यांची शेवटची पाळी. 'दि. ३१ मार्च. विहीर जिवंत. तेल वाहू लागले.' अक्षरही त्यांचेच. वेळ लिहिलेली नव्हती. म्हणूनच जुईने पत्रात विचारले होते : तेल किती वाजता आले, आठवते का? त्यांना आठवत होते ते फक्त नळाच्या लोखंडाला लावलेला हात आणि 'आली! आली!' असा ओरडा. मग खानसाम्याने आणलेला चहा, आणि तो संपायच्या आत हजर झालेली पुढची पाळी. घड्याळ आठवत नव्हते. अर्धवट आठवणीवर साक्ष कशी द्यायची?

"पुढची पाळी," ते मोठ्याने म्हणाले.

"काय?"

ते आत धावले. अडुसष्टाव्या वर्षी ते स्टुलावर चढले, वरच्या फळीवरून नोकरीतली नियमपुस्तिका ओढली, आणि तिच्याबरोबर कोष्टकांचे पुस्तकही खाली आले. पत्र भिरभिरत उंबऱ्यापाशी गेले. भिमाताईंनी ते उचलले.

"हे माझ्या पोरीचं अक्षर." त्यांनी टपालाचा शिक्का पाहिला. "सव्वा वर्ष? भाऊ, सव्वा वर्ष तुम्ही माझ्याकडून कालवं घेताय, पोरीची चौकशी करताय, आन् हे घरात?"

"मला वेळ आठवत नव्हती, ताई."

"मग 'आठवत नाय' एवढं लिहायला काय झालं होतं? शाई महाग झालीय?"

लघाट्यांनी पुस्तिकेचे पहिले पान उघडून बोटाने ओळ दाखवली : फलाटावरील दिवस सकाळी सहा ते सकाळी सहा धरावा.

"आमची तारीख पाळीबरोबर बदलायची. मध्यरात्री नाही, सकाळी सहाला. आमचा एकतीस मार्च तुमच्या एक एप्रिलच्या सकाळी सहापर्यंत चालू होता. चहा झाला आणि पाळी बदलली, म्हणजे तेल सहाच्या आधी आले. आणि कालव म्हणते, दीडच्या नंतर. रोजनामाही खरा, कालवही खरे, आणि पट्टा मध्यरात्रीच संपलेला! बावीस वर्षे तोच दिवस जगलो, ताई. तो इतरांना ठाऊक नसेल, हे डोक्यातच आले नाही. तिला तरी कसे ठाऊक असणार?"

भिमाताईंनी त्या ओळीवर बोट ठेवले. "म्हंजे पोरीची रेघ चुकली नाय?"

"एकही नाही. पाच हजारांत एकही नाही!"

"मग फोन लावते तिला."

"लावा. पण न्यायाधिकरण फोन धरत नाही." खोटे आवाज आणि चेहरे घरबसल्या बनवता येऊ लागल्यापासून साक्ष हाताने लिहून टपालानेच पाठवावी लागे. "मी तिला लिहितो, ती ते तिथे दाखल करील."

लिहिताना जुन्या शंका रांगेने आल्या. ज्या कंपनीचे मीठ खाल्ले तिच्याविरुद्ध? पण कुणी खोटे बोललेच नव्हते, फक्त दिवस दोन होते. 'आता सांगताय?' असे कुणी विचारले तर? विचारणारच. त्यांनी बाराव्यांदा कागद घेतला आणि उशिराबद्दल क्षमा मागण्याआधीच पहिले वाक्य लिहिले : तुमची मोजणी अचूक आहे. मग दिवसाचा नियम, चहा, पाळी. सोबत पुस्तिकेचे पान जोडले. शेवटी आणखी एक ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली : माणसे विसरतात ते समुद्र असे लिहून ठेवत असेल, तर तुम्ही पुढे काय वाचणार आहात?

बंदराजवळच्या टपालपेटीपाशी पोस्टमन दुपारची पत्रे पिशवीत भरत होता. मागे भिमाताई रिकामी पाटी काखेला मारून पहारा देत उभ्या होत्या. समोर, क्षितिजावर, फलाटाचे लोखंडी पाय उन्हात काडीएवढे दिसत होते. लघाट्यांनी पाकीट पिशवीच्या तोंडाशी नेले.

"बुधवारपर्यंत पोचेल ना हो?"

"पोचेल की," पोस्टमन म्हणाला. "पण आधी सोडा तरी, काका."

लघाट्यांनी पाकीट सोडले.