तीन चांदण्या दिसेपर्यंत

ही गोष्ट दोन हजार अठरा सालची, वैशाखातली. दुपारच्या पुण्याच्या गाडीनं एक खोकं येणार होतं आणि ते न्यायला छाया भोरच्या एसटी स्टँडवर आली होती. उत्रोलीची ही मुलगी ग्रंथालयाचा कोर्स करून संक्रांतीपासून मिलकाबाईंच्या वाचनालयात कामाला लागली होती. नवी पुस्तकं आली की ती आधी खोक्यालाच नाक लावायची.

खोकं उतरलं होतं. पण त्यावर एक तरुण बसला होता. खांद्याला कॅमेरा, केस विस्कटलेले, आणि चेहरा असा की भोरमध्ये नाही, भलत्याच ग्रहावर उतरलाय!

"उठा आधी!"

तो दचकून उभा राहिला. "क्षमा असावी, बाई. मला वाटले बाकडे आहे."

"बाकड्यावर पत्ता लिहितात का कधी? पुस्तकं आहेत आत. अशी बसून नाही वाचत ती."

त्यानं खोक्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे... जरा जास्तच वेळ. "मी उबवत होतो. चार पिल्ले झाली असती तर तुमचाच लाभ होता."

छायाला हसू आवरेना. "नाटकात काम करता का हो? असं कोण बोलतं हल्ली?"

"माझी आजी बोलायची. तिने भोर सोडले साठ साली. समुद्रापलीकडे, इस्रायलमधल्या अश्दोदला, आमच्या घरात मराठी तेव्हाचीच राहिली." त्यानं खोकं उचललं. "मी योनातन चेउलकर. मिलकाबाई माझ्या आजीची धाकटी बहीण. त्यांचे घर ठाऊक आहे?"

"पत्ता वाचा की," छाया म्हणाली. "त्याच्यावरच तर बसला होतात."

भोरमध्ये संस्थानाच्या काळी बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांची चार घरं होती. कुणी कारकून, कुणी कंपाउंडर. एकेक करून सगळी गेली आणि मिलकाबाई तेवढ्या राहिल्या. जाणाऱ्या प्रत्येक घरानं पुस्तकं त्यांच्याकडे ठेवली, आणि त्यातून त्यांच्या पुढच्या खोलीत वाचनालय उभं राहिलं. हिब्रू प्रार्थनेची पुस्तकं होती, मोशे आणि योसेफवरची मराठी कीर्तनं होती, आणि शेजारच्याच कपाटात कादंबऱ्या, मुलांची चित्रांची पुस्तकं, स्पर्धा परीक्षेची गाइडं. दारात एक फळा होता. त्यावर छाया रंगीत खडूनं नवी पुस्तकं, सिनेमा, कार्यक्रम लिहायची.

पण समाजाच्या पुण्यातल्या विश्वस्तांना ही पुस्तकं तिकडे हलवायची होती. समाजाचं एकच माणूस उरलं, तिथं वाचनालय कशाला, हा त्यांचा प्रश्न. मिलकाबाईंनी त्यांच्यातल्या बेंजामिनसाहेबांना फोनवर सांगितलं होतं, "एकदा येऊन बघ. माणसं जमली नाहीत तर मीच टेम्पो बोलावते."

म्हणून योनातनची फिल्म दाखवून माणसं जमवायची ठरली. त्याला खापरपणजोबांच्या तेलाच्या घाण्याचा माग काढायचा होता. वेल्ह्याच्या बाजूला, राजगडाखाली पालीत, वाडीवस्तीवर तो म्हातारी माणसं शोधत फिरला, आणि सोबत छाया. नाहीतर त्याची ती आजीची मराठी ऐकून माणसं जागची उठून उभी राहायची, साहेब आला म्हणून!

पालीच्या कोंडिबांनी उंबऱ्यात बसून आठवण सांगितली. "माझा आजा सांगायचा. शनवार तेली म्हनायची त्यास्नी. सा दिस घाना, शनवारी गप. मानूस तर न्हाईच, पर बैलबी उठायचा न्हाई. त्याला कळायचं, आज शनवार."

"बैलाला कसे कळायचे?" योनातननं विचारलं.

"आता ते बैलालाच इचारा!"

परतताना गाडीची वाट बघत दोघं करवंदं खात बसले. "माझे अर्धे शनिवार काहीच न पाळता समुद्रावर गेले," योनातन म्हणाला. "अन् त्या बैलाने..." छायानं पानाचा द्रोण त्याच्यापुढे सरकवला. त्यानं करवंद घेतलं, आणि तिचं बोटही क्षणभर हातात राहिलं. चुकून... किंवा तसं नसेलही.

"मंगळवारी माझे विमान आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे," छाया म्हणाली, आणि उरलेली सगळी करवंदं तिनं एकटीनं संपवली.

फिल्म तयार झाली. फळ्यावर छायानं झोकात लिहिलं – शनिवारी सायंकाळी ठीक सात वाजता. तिचा हिशेब साधा होता. थंडीत तिनं पाहिलं होतं, सातच्या आत मिलकाबाईंचा शब्बाथ, म्हणजे ना काम ना विजेचं बटण असा शनिवारचा विसावा, सुटायचा, दिवे लागायचे. मिलकाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा होता, त्यामुळे फळा त्यांनी वाचला नाही. योनातनला शनिवारची सवयच नव्हती.

शनिवारी साडेसहापासून माणसं यायला लागली. धनाजीचा टेम्पो पालीहून भरून आला. कोंडिबा उतरले, करवंदं विकणाऱ्या फुलाबाई उतरल्या, पोरंटोरं उतरली. उत्रोलीहून छायाचे वडील बुद्धभूषण आले. खोली भरली, ओटा भरला, रस्त्यावर सतरंज्या पडल्या. शब्बाथला गाडीत बसायला नको म्हणून बेंजामिनसाहेब शुक्रवारीच येऊन लॉजवर उतरले होते. ते चालत आले आणि गर्दी पाहून थबकलेच.

सात वाजले. छायानं मिलकाबाईंच्या कानाशी वाकून विचारलं, "आजी, लावू या?"

"काय लावू या? अगं, अजून दिवस आहे! वैशाखातला दिवस लांब असतो. तीन चांदण्या दिसल्या की शब्बाथ सुटतो. घड्याळावर नाही सुटत तो."

छायानं दारातून बाहेर डोकावलं. ऊन गेलं होतं, पण आभाळात वळवाचे ढग दाटून आले होते. चांदण्या कुठल्या दिसायला?

कुजबुज सुरू झाली. धनाजी ओरडला, "ओ छायाताई, मला घाट उतरायचाय! लावा की!"

"चांदण्या दिसू द्या दादा."

"मंग तू दाब की बटन! तुला कुठं शनवार हाय?"

खरंच होतं ते. तिला शनिवार नव्हता. पण दुसऱ्याला तसं करायला सांगणंही मिलकाबाईंच्या नियमात बसत नव्हतं. बेंजामिनसाहेब हाताची घडी घालून उभे होते. दोनतीन माणसं चपला शोधायला लागली.

योनातन पुढं झाला. "मी लावतो. मी काही पाळत नाही. लोक गेले तर तुझे वाचनालय जाईल, छाया." त्याचा हात बटणाकडे गेला.

तिनं त्याचं मनगट धरलं. भर गर्दीत, वडिलांसमोर.

"नको."

"अगं पण –"

"बैलसुद्धा उठत नव्हता ना शनिवारी? त्याच घाण्याची फिल्म आपण शनिवारी फिरवायची? गेलं वाचनालय तर जाऊ दे."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मनगट सोडवून घ्यायचं त्याला सुचलंच नाही.

छाया ओट्यावर आली. "चूक माझी आहे. वेळ मी चुकीची लिहिली. पण चांदण्या बघून मगच सुरू करू. ज्यांना जायचं त्यांनी जा, रागवणार नाही कुणी."

कोंडिबा काठी टेकत उठले. सगळ्यांना वाटलं, निघाले. ते रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि त्यांनी मान वर केली.

"धनाजी, गप ऱ्हा. माझ्या आज्यानं बघितल्याल्या मानसांचा शनवार हाय. आमी थांबतो."

आणि मग भोरच्या त्या गल्लीत सगळी माणसं माना वर करून उभी राहिली. येणारा-जाणारा सायकल थांबवून विचारायचा, काय झालं? आणि तोही वर बघायचा. फुलाबाईंनी जात्यावरची ओवी धरली, दोघीचौघींनी साथ दिली. ढग सरकले, एक फट पडली.

"ती बगा एक!" एक पोर किंचाळलं.

थोड्या वेळानं दुसरी दिसली. तिसरी कुणालाच दिसेना. "ती! ती काय!" बुद्धभूषण बोट दाखवत म्हणाले.

"पप्पा, विमान आहे ते."

"विमान नको आज," योनातन तिच्या कानाशी हळूच म्हणाला. छाया लाजून आणखी वर बघायला लागली. मिलकाबाई काळा चष्मा लावून खुर्चीत बसल्या होत्या. "मला नाही दिसायच्या रे. तुम्ही दोघं म्हणाल तेव्हा."

मंद वारा सुटला, ढगाची कड फाटली... आणि दोघं एकदम म्हणाले, "दिसली!"

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे नुसते उभे होते. माणसं एवढी, पण देवळात असते तशी शांतता. शब्बाथला निरोप द्यायला मिलकाबाईंनी पिळाची मेणबत्ती लावायला सांगितली, काळ्या मनुकांच्या शरबतावर प्रार्थना म्हटली, आणि सब्ज्याची डहाळी वास घ्यायला हातोहात पुढं दिली. कोंडिबांनी ती कपाळाला लावली. फुलाबाईंनी श्वास भरून घेतला. छायाकडे आली तेव्हा डहाळीच्या दुसऱ्या टोकाला योनातनचा हात होता.

मग फिल्म लागली. पडद्यावर कोंडिबा दिसले, तेव्हा खरे कोंडिबा म्हणाले, "ह्यो कोन म्हातारा?" आणि खोली हसून कोसळली.

टेम्पो गेल्यावर बेंजामिनसाहेब मिलकाबाईंसमोर बसले. "मावशी, पुण्यात आम्ही प्रार्थनेला लागणारी दहा माणसं जमवायला फोन करत बसतो. इथं माझ्या शब्बाथसाठी सगळी गल्ली उभी राहिली." त्यांनी डोळे पुसले. "पुस्तकं इथंच राहू देत."

ओट्यावर छाया सतरंज्या गुंडाळत होती. योनातननं दुसरं टोक धरलं.

"मी जेरुसलेम पाहिले, छाया. पण असा शनिवार नाही पाहिला."

"मग?"

"मग मी आता कुठे जाऊ?"

तिनं सतरंजीची घडी घातली, आणि तिच्या आडून म्हणाली, "मी कुठं जा म्हणाले..."

मंगळवारचं विमान त्याच्याशिवाय गेलं. अश्दोदला त्याची आई फोनवर खूप रडली. इकडे बुद्धभूषण बरेच दिवस लेकीशी बोलले नाहीत. मग एका सकाळी त्यांनी योनातनला भाताच्या खाचरात उतरवलं आणि संध्याकाळी जेवायला बसवलं. लग्न नोंदणीचं झालं, धर्म कुणी बदलला नाही. त्याची आई पुढच्या भातलावणीला आली आणि महिनाभर राहिली. मिलकाबाई दोन वर्षांनी गेल्या. त्यांच्या माणसांनी पुण्याला माती दिली, आणि पालीचा टेम्पो भरून माणसं तिकडे पोचली होती. कोंडिबाही आता नाहीत. नातवंडं फिल्ममधलं त्यांचं बोलणं लावून बसतात. धनाजी आठवड्यातून एकदा वाचनालयाची पुस्तकं वेल्ह्याच्या वाड्यांवर नेतो आणि उशीर झाला तरी कुरकुरत नाही. बेंजामिनसाहेब दर महिन्याला खोकं पाठवतात.

योनातन आणि छाया उत्रोलीत राहतात. शुक्रवारी सूर्य कलला की घरातली कामं बंद होतात. शनिवारी कुणी त्याला विचारलंच, काय हो, एवढं पाळता, तर तो हात वर करतो, "मी कुठला पाळतो? बायको पाळायला लावते."

आणि बायको दर पौर्णिमेला विहारात जाते.