जवारीचा दोरा

मिरजेच्या ध्वनिप्रयोगशाळेत त्या दुपारी भांडण जुंपलं, आणि तेही एका तंबोऱ्यावरून.

"जवारी मेलीय ह्यात," युनूस सतारमेकर म्हणाले. चाळीस वर्षं तंबोरे घडवणारा माणूस. "तारेखाली मी दोरा सरकवतो तो कशाला? झंकार उठावा म्हणून. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये नुसता भोपळा ठणठणतोय."

"कान तपासून घे स्वतःचे!" ध्वनिमुद्रक दिगंबरअण्णा पोंक्षे तडकले. "मला लख्ख ऐकू येतेय जवारी. ही काय, बघ की!"

बघ म्हणाले. ऐक नाही. सॉफ्टवेअरचे पडदे आखणाऱ्या मृण्मयी सातपुतेने तिथेच कानांवरचा हेडफोन उतरवला.

कारण अण्णा बोट दाखवत होते तो संगणकाचा पडदा तिचाच. जुन्या संगीत-सॉफ्टवेअरवर दोनशे बटणं असायची, दिसायला अगदी भंगाराचं दुकान. मृण्मयीने 'मिटता फलक' काढला. एकवीस दिवस हात न लावलेलं बटण आपोआप मिटायचं आणि मोकळ्या जागेत स्वरांच्या सोनेरी रेषा झुलायच्या. देखणेपणाचं बक्षीससुद्धा मिळालं, घ्या! आठ महिने ती आणि अण्णा शेजारीशेजारी बसून, एकच आवाज दोघांच्या हेडफोनमध्ये घेऊन, रोज बारा-बारा तास राबले. थकवा म्हणून नाही. त्याचंच मेलं कौतुक होतं.

"अण्णा," ती म्हणाली, "डोळ्यांनी पाहिलं ते मेंदू कानांच्या नावावर खपवतो. पडद्यावर जवारीची रेष दिसली की ती ऐकू आल्यासारखी वाटते. आणि डोळा सुखावला की कान शिणल्याचं कळतच नाही. आपण आवाज वाढवत गेलो. वरच्या स्वरांचं बटण तुम्ही सहा महिन्यांत हलवलेलं नाही. म्हणून ते मिटलं."

"आणि कर्णचाचणीचं बटण? ते ठेवलं होतंस ना?"

"तेही मिटलं. बाविसाव्या दिवशी. कुणी दाबलंच नव्हतं."

अण्णांनी बोटांवर महिने मोजले. आतल्या कानाच्या पेशी मेल्या तरी तीन महिन्यांच्या आत नवं औषध मिळालं तर त्या पुन्हा उगवत. त्यानंतर ब्रह्मदेव आला तरी नाही. हे दोघांनाही पाठ होतं.

"खोटं आहे सगळं," ते म्हणाले. "ह्या दोन कानांशिवाय माझ्याकडे आहे काय, पोरी? घे परीक्षा. आत्ता घे."

युनूसचाचांनी आपला तंबोरा मांडीवर घेतला. वाजवता वाजवता वाटेल तेव्हा दोरा काढायचा. तो आहे की नाही, हे अण्णांनी सांगायचं. पडदा बंद झाला. मृण्मयीने दिवाही मालवला. खोलीला खिडकी नव्हती.

तारा छेडल्या गेल्या. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा.

"दोरा काढलायस," अण्णा अंधारात म्हणाले.

मृण्मयीला हायसं वाटलं. झंकार तिलाही ऐकू येत नव्हता. बरोबर ओळखलं अण्णांनी! देवा, वाचलो, असं पुटपुटत तिने दिवा लावला.

चाचांनी हात थांबवला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मी दोऱ्याला हातच लावला नाही, बेटी," ते म्हणाले.

तिने वाकून पाहिलं. चारही तारांखाली दोरे जागच्या जागी होते.