समुद्राची खिडकी

टेकडीवरच्या चर्चच्या दारावर एक कागद डकवलेला असे: 'किल्ली ओब्दुलियाकडे. निळं दार. दुपारी दोन ते पाच ठोठावू नये.' पाहुण्यांना तेवढं पुरे होई. वाल्देकुएर्वो गावात निळं दार एकच होतं, आणि हिवाळ्यात तर माणसंही अकराच असायची.

ओब्दुलिया त्र्याहत्तर वर्षांची. सगळं गाव तिला आत्या म्हणे. किल्ली तिला आईकडून मिळालेली, आईला आजीकडून. पाहुणा आला की एप्रन सोडायचा, केस सारखे करायचे, आणि टेकडी चढून होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. माहिती आत गेल्यावर द्यायची, आईनं शिकवली तश्शी. माणसं मोजून आत घ्यायची, मोजून बाहेर काढायची. आणि कुणी काहीही विचारलं तरी 'माहीत नाही' म्हणायचं नाही. किल्लीवालीला माहीत नाही असं चर्चमध्ये काही असेलच कसं?

"सोरियाच्या पठारावर असं चर्च दुसरं नाही," ती छाती पुढे काढून सांगे.

"पठारावर दुसरं काहीच नाही, आत्या," बारवाला सेलेदोनिओ म्हणायचा. "चर्च, मी आणि वारा."

त्या वर्षी मात्र चेष्टेची वेळ नव्हती. शहरातून पत्र आलं होतं: जिल्ह्याच्या 'पाहण्यासारखी ठिकाणं' या पुस्तिकेत ज्या चर्चचं नाव नसेल, तिथल्या जुन्या मूर्ती संग्रहालयात हलवायच्या. म्हणजे गावाची सांता कितेरिया जाणार. आठशे वर्षं ती लाकडी मूर्ती जागची हललेली नव्हती.

"काचेच्या कपाटात ठेवतील मेले," ओब्दुलिया म्हणाली, "लोणच्याच्या बरणीसारखी!" आणि मग बारमध्ये सगळ्यांसमोर ती रडली. तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. सेलेदोनिओनं न मागता कॉफी आणून ठेवली.

पुस्तिकेसाठी मे महिन्यात एक साहेब पाहणीला येणार होता.

एप्रिलच्या एका सकाळी बिल्बाओचं एक जोडपं निळ्या दाराशी आलं. ओब्दुलियानं एप्रन सोडायला घेतला.

"नको, बाई. आमचं बघून झालं," तो माणूस म्हणाला. "नुसते आभार मानायला थांबलो. त्या बाईंनी किती छान दाखवलं सगळं!"

"कुठल्या बाईंनी?"

"वर होत्या त्या. आणि ती खिडकी! जिना चढून गेलं की समुद्र दिसतो ती. आम्ही समुद्राकाठची माणसं, पण असा समुद्र नव्हता पाहिला."

वाल्देकुएर्वोपासून समुद्र गाडीनं तीन तासांवर. आणि चर्चला जिनाच नव्हता. एक खोली, एक वेदी, आणि हात जाईल एवढी एक खिडकी. तिच्यातून गव्हाचं शेत दिसायचं.

ओब्दुलियाला भीती वाटली नाही, राग आला. आपल्या चर्चमध्ये दुसरीच कुणी मिरवते म्हणजे काय! ती तरातरा वर गेली. दाराला कुलूप होतं. आत मेणाचा वास आणि कितेरिया जागेवर. वेदीमागची भिंत तिनं हातानं चाचपून पाहिली. दगड ओलसर लागला. दोन महिने पाऊस नव्हता. तिनं बोट जिभेला लावलं. खारट होतं.

पुढच्या पंधरा दिवसांत तीन विद्यार्थी येऊन आभार मानून गेले. नंतर बुर्गोसची एक नन आली. तिचंही तेच, जिना, खिडकी, समुद्र.

"ती बाई दिसायला कशी होती?" ओब्दुलियानं विचारलं.

ननबाईंनी बराच वेळ आठवून पाहिलं. "आवाज गोड होता हो. चेहरा नाही पाहिला मी. खिडकीकडेच बघत होते."

"आत्या, तुझी नोकरी गेली," सेलेदोनिओ म्हणाला. "कितेरियानं दुसरी ठेवली." पण हसताना त्याची नजर टेकडीकडे गेली, आणि तो उगाचच टेबल पुसायला लागला.

साहेब आला तो जांभया देत. ओब्दुलियानं सगळी माहिती सांगितली, एक शब्द इकडचा तिकडे होऊ न देता. त्यानं घड्याळ पाहिलं. "छान आहे, बाई. पण अशी चर्चं या जिल्ह्यात चाळीस आहेत."

कुणी कानफटात मारावी तसं तिला झालं. तिनं कुलूप लावलं. साहेबाला बाहेरून फोटो काढायचे होते, म्हणून त्याला तिथेच सोडून ती खाली आली.

तासाभरानं निळं दार वाजलं. साहेबाचे डोळे भरून आलेले. बूट घोट्यापर्यंत भिजलेले.

"ही काय पद्धत झाली, बाई? एवढं लपवून ठेवलंत? तुमच्या बहिणीनं दाखवलं म्हणून, नाहीतर मी तसाच गेलो असतो!"

ओब्दुलियाला बहीण नव्हती.

"आता छापण्याआधी तुमच्या तोंडून ऐकू द्या," त्यानं पेन काढलं. "किल्ली तुमच्याकडे, तेव्हा तुमचा शब्द शेवटचा. आहे ना ती खिडकी?"

काचेच्या कपाटातली कितेरिया तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. आणि खरं सांगायचं तर नुसती कितेरियाच नाही. माझ्याच चर्चमधलं मला माहीत नाही, हे ती परक्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगणार होती?

"आहे तर," ती ताठ मानेनं म्हणाली. "आमच्या आईच्या वेळेपासून आहे."

जुलैत पुस्तिका आली. वाल्देकुएर्वो पहिल्या पानावर! सेलेदोनिओनं ते पान बारमध्ये तीनदा मोठ्यानं वाचलं. मूर्ती जागेवर राहणार असल्याचं पत्रही आलं. गावानं ओब्दुलियाला खुर्चीसकट उचललं. "अरे सोडा, मेल्यांनो, हाडं मोडतील!" ती ओरडत होती, पण तोंडावरचं हसू काही जाईना. आयुष्यात एवढा मान तिला मिळाला नव्हता.

पहिली बस आली माद्रिदहून, चाळीस निवृत्त शिक्षकांची. सेलेदोनिओनं कोकरं भाजायला घातली, अक्रोडाच्या झाडाखाली टेबलं मांडली. ओब्दुलिया काळा रेशमी झगा घालून निळ्या दारात उभी राहिली. अकरा वाजता बस थांबली. माणसं उतरली आणि सरळ टेकडी चढायला लागली. तिच्या दाराकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही.

ती तशीच उभी राहिली. बारा वाजले, एक वाजला. जेवणाची वेळ झाली. तीन वाजले.

"आत्या, कोकरू वाळून चाललं. आण की तुझ्या पाहुण्यांना खाली," सेलेदोनिओ हाका मारू लागला. बसचा ड्रायव्हर सावलीत सिगारेट ओढत होता. तो म्हणाला, "अजून एकही खाली आलेला नाही."

ती किल्ली घेऊन निघाली. वर पोचली तेव्हा दार सताड उघडं होतं.

आत गारवा होता. माणसं रांगेत उभी होती, टोप्या हातात धरून, शाळेतल्या मुलांसारखी शहाणी. कुणी बोलत नव्हतं. रांग वेदीला वळसा घालून मागे जात होती. तिनं सवयीनं मोजली. चाळीसांतली चौदा.

वेदीमागून माहिती ऐकू येत होती. शब्द न् शब्द तिचाच, आईनं शिकवलेल्या चालीवर. ओब्दुलियाचा ऊर भरून आला. एवढी माणसं, आणि अशी जीव लावून ऐकणारी!

मग तिला येत होती तिथपर्यंत माहिती संपली.

आवाज थांबला नाही. पुढे सांगत राहिला.

ते तिला कुणी कधीच शिकवलं नव्हतं. किल्ली घट्ट धरून ती ऐकत राहिली.

पुढच्या बाईनं मागे वळून पाहिलं. "पहिल्यांदाच येताय का?" तिनं हळूच विचारलं.

ओब्दुलियानं ओठ ओले केले.

"हो," ती म्हणाली.

"मग तुम्ही पुढे व्हा."

एकेकानं बाजूला होऊन तिला वाट करून दिली. ती वेदीच्या कडेपर्यंत आली. तिच्यापुढे आता एकच म्हातारा होता, आणि त्याच्यापुढे भिंत.

जिना नव्हता. दार नव्हतं. सपाट दगड होता.

रांग एका माणसाइतकी पुढे सरकली, आणि तिच्यापुढे फक्त भिंत उरली.