विहिरीवरचं हिरवं बटण

बसा रे नीट. लाईट गेली तर जाऊ द्या, त्या मोबाईलच्या बॅटऱ्या बंद करा आधी. युवराज, मगाशी दात काढत होतास ना, भुतंबितं सब झूट म्हणून? काढ बाबा. पर उद्या युसूफवडगावला गेलास की स्टँडामागं अजिनाथचं दुकान हाय, मोटारीचे स्टार्टर नीट करतो तो. त्याला विचार, "काका, येळवशीच्या रात्री काय झालतं?" चहा पाजील, पर सांगायचा न्हाई. मला सांगितलं, तेबी एकदाच, आन् त्यानंतर कितीतरी वेळ माझ्याकडं बघितलंबी न्हाई.

तर यंदाची येळवस. मार्गशीर्षाची येळा अमावस्या, उभ्या पिकाच्या पूजेला सगळा मुलूख रानात. कडब्याच्या कोप्या, अंबील, भज्जी, पाव्हणेरावळे. अजिनाथनं मात्र दिवस कलला तशी पिशवीत हत्यारं टाकली आन् फटफटी काढली. वत्सलाबाईच्या आखाड्यावर, रानातल्या घरी, जायचं होतं. काम म्हणाल तर साधं, विहिरीवरचा मोबाईल स्टार्टर बंद पडलेला, त्यातला बोर्ड बघायचा.

ती पेटी तुमी बघितलेली हाय. आत सिमकार्ड असतं. रानात लाईट आली की पेटी आपसूक घरी फोन लावती आन् एक बाई बोलती, "लाईट आली आहे." मग घरात बसून मोटार चालू करायची. वत्सलाबाईच्या मालकानं, आसारामनं, हौसेनं ती बसवली, आन् स्वतःचं जुनं कार्ड तिच्यात घातलं. तिचा फोन आला की उचलायचाबी तोच. त्याच्या अंगठ्याचं टोक कडबाकुट्टीत गेलेलं. तरी त्याच थोट्या अंगठ्यानं पेटीचं हिरवं बटण दाबायची खोड. म्हणायचा, "फोनवर मजा न्हाई गड्या. बटण दाबलं की कसं, खट् वाजतं."

मागच्या पावसाळ्यात एका रात्री बोर्ड बिघडला आन् फोन आलाच न्हाई. आसाराम अंधारात बघाया गेला, तो सकाळी विहिरीतच घावला.

दिवाळी झाली, त्याचा पोरगा सुरज बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला. आखाड्यावर वत्सलाबाई एकटी. गुडघे धरलेले, रातचं दिसत न्हाई, आन् समोर गहू उभा. लाईट तर रातचीच येती. पेटी बंद असल्यावर बाईनं त्याच विहिरीच्या काठाला अंधारात जायचं का? अजिनाथला तीच धास्ती होती, म्हणून सणाच्या दिवशीबी निघाला.

पोचला तवा दिवस बुडालता. आजूबाजूच्या रानात लोक कडब्याचा पेटता हेंडगा घेऊन पिकाभोवती फिरत होते, आरडत होते. वत्सलाबाईचं रान तेवढं अंधारात, कारण हेंडगा फिरवायला घरात गडीच न्हवता. तरी तिनं अंबील केलती. एक ताट अजिनाथला वाढलं, एक स्वतःला घेतलं आन् एक भरून झाकून ठेवलं.

"कोण यायचंय का मावशी?"

"तू जेव बाबा," ती म्हणाली. "आन् आजच नीट कर. लाईट यायच्या आत."

विहिरीजवळ पत्र्याची खोली हाय. अजिनाथनं पेटी उघडली. आत एक पाल जळून चिकटलेली, मुंग्यांनी माती भरलेली. ब्रशनं सगळं साफ केलं. अजिनाथची एक रीत हाय बघा, सोल्डरचा टाका, मंजी कथलाचा डाग, द्यायच्या आधी सिमकार्ड काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचं, गरम लागून जायला नको म्हणून. तसं टाकलं. मग पेचकसाच्या मुठीनं बोर्डावर हळूहळू टकटक करत गेला. एका जागी आतल्या सेलवरचा बारका दिवा लुकलुकला. तिथला टाका वरून धड दिसत होता, आतून सुटलेला. मोठा बिघाड न्हवता तो. फटफटीच्या बॅटरीवर त्यानं सोल्डरची कांडी तापायला लावली.

तवर हेंडगे विझले होते. लोक गावात गेले. रान गप्प झालं.

आखाड्यावर फोन वाजला.

"हां... बोला," वत्सलाबाईचा आवाज आला. "जेवलाव का?... बोला की..."

सुरजचा असंल म्हणून अजिनाथ खोलीतून बाहेर आला, हाक मारून म्हणाला, "मावशी, पोराला माझा रामराम सांगा."

"सुरजचा न्हाई. मालकाचा हाय."

अजिनाथ जवळ गेला. फोनवर नाव होतं, दादा. सुरजनं बापाचा नंबर तसाच भरून ठेवलेला. अजिनाथनं खिशाला हात लावला. कार्ड खिशातच होतं.

बाईनं फोन त्याच्या कानाला लावला.

खरखर. लांब कुठंतरी पाणी ठिबकत होतं. मग... खट्.

जरा वेळ काईच न्हाई.

खट्.

त्यानं वळून बघितलं. खोलीचं दार उघडं. आत ठेवलेली उजेडाची बॅटरी चालू होती. पेटी उघडी. तिथं कोण न्हवतं...

"रोज येतो," वत्सलाबाई म्हणाली. तिच्या आवाजात भ्या न्हवतं, उलट समाधान होतं. "निसती खरखर. बोलणं ऐकू येत न्हाई. म्हणून तर तुला बोलावलं लेकरा. बोर्ड नीट झाला की मालकाचं बोलणं यील."

आता सांगा, काय करायचं माणसानं? अजिनाथच्या मनात होतं फटफटीला किक मारावी आन् सुटावं. पर बाईचं तोंड बघितलं. परत गेला. टाका दिला. कार्ड घातलं. झाकण लावलं.

लाईट आली. फोन वाजला. वत्सलाबाईनं दोन्ही हातांनी धरला.

"लाईट आली आहे."

फोन बंद झाला तरी ती कानाला लावून बसली.

"ही कोण बाई रं?"

"मशीन हाय मावशी."

"आन् मालक?"

दोघं वाट बघत बसले. लई वेळ. फोन काय वाजला न्हाई. मग बाई रडायला लागली, लेकरावानी, मोठ्यानं. "कावून नीट केलंस रं? दिवसभर माझ्याशी बोलाया कोण हाय हितं? जसं होतं तसं करून दे."

"मावशी, मग रातीला विहिरीवर जावं लागंल तुमाला!"

"जाईन."

"आन् पाय घसरला मंजी?"

वत्सलाबाईनं झाकलेल्या ताटाकडं बघितलं. ते ताट कुणासाठी, ते अजिनाथला आत्ता कळलं. त्यानं लई समजावलं, सुरजची आण घातली. ऐकंना. त्याची पिशवीच धरून बसली. शेवटी त्यानं कार्ड काढून खिशात टाकलं, आन् स्वतःच्या हातानं घातलेला टाका स्वतःच्या हातानं तोडला. असा निघाला की मागं वळून बघितलं न्हाई. कार्ड खिशातच राहिलं. घरी आल्यावर कळलं. परत न्यायची हिंमत झाली न्हाई.

सगळा हिवाळा त्या माणसाला झोप न्हाई. त्या बाजूचं कोण दुकानात आलं की विचारायचा, "वत्सलाबाई बरी हाय ना?" लोक म्हणायचे, "हाय की! गहू तर असला आलाय म्हणता, नजर लागंल." अजिनाथ मनात म्हणायचा, जाती बाई काठावर. एक दिवस खबर येणार आन् ती माझ्यामुळं.

पाडव्याच्या सुमाराला सुरज आला, काखेत पेटी.

"काका, हा बोर्ड पार मेलाय, दुसरी पेटी द्या. पर मला एक उमजंना. आईनं गहू भिजवला कसा? ती म्हणती, म्या विहिरीकडं पाऊलसुदिक टाकलं न्हाई. आन् फोन तर रोज यायचा म्हणती."

"कुणाचा?"

सुरजनं मान खाली घातली. "दादांचा."

अजिनाथनं गल्ल्यात बघितलं. कार्ड तिथंच होतं, चिंधीत गुंडाळलेलं. त्यानं पेटी उघडली. टाका तुटलेलाच. कार्डाची जागा रिकामी. सगळ्या हंगामाची धूळ पेटीवर...

हिरवं बटण तेवढं चकचकीत. वर पाण्याचा एक ठसा. बारका, गोल. अंगठ्याचा म्हणावा तर वर एकबी रेष न्हाई. थोट्या अंगठ्याचा उमटावा तसा.

अजिनाथनं तो फडक्यानं पुसला. बघता बघता परत उमटला.

सुरज नवी पेटी घेऊन गेला. आता पोरगा-सून घरी हायत, वत्सलाबाईचं बरं चाललंय. जुनी पेटी दुकानात खालच्या फळीवर पडून हाय. आज दुपारी म्या जाऊन बघितली. वैशाखाचं ऊन, वर पत्रा, फळीला हात लावला तर भाजत होता.

बटण ओलं होतं.